डाव्या पंखाचे टाके

सोमलीबाई, तू गेल्याचं मला औंढ्याच्या बाजारात कळलं, आणि तेही भाजीवालीकडून. मेथीची जुडी पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "शिंपीदादा, तांड्यावरची ती गोण्या शिवणारी सोमली गेली म्हनं. खोकल्यानं गेली." मी 'बरं' म्हणालो. माणूस गेल्याचं ऐकून तोंडातून 'बरं' निघावं, इतका मी निबर झालो होतो. दुकानात आलो, शिलाई यंत्राच्या चाकावर हात ठेवला आणि तसाच बसून राहिलो. गिऱ्हाइकानं दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आलो.

आज तुला लिहायला बसलो आहे. तुला वाचता येत नव्हतं, हे मला ठाऊक आहे. जिवंतपणी तुझ्यासमोर उभं राहायचं धाडस झालं नाही, आणि आता तू नाहीस तर लिहितो आहे. यातही माझा भेकडपणाच आहे. पण लिहिल्याशिवाय हात कामाला लागेना.

आपली ओळख झाली ती एका मोडक्या विमानामुळे. शिरड शहापूरच्या रावसाहेबांनी कुठल्याशा लष्करी भंगारातून ते विकत घेतलं होतं. पहिल्या मोठ्या लढाईतलं, एकावर एक दोन पंख असलेलं. रेल्वेनं हिंगोलीपर्यंत आलं आणि तिथून बैलगाड्यांवर. धड एवढं लांब, की दोन गाड्या एकामागे एक बांधाव्या लागल्या. वाटेत दोन गावांनी नारळ फोडले, कारण त्यांना तो कुठल्या तरी देवाचा रथ वाटला. रावसाहेबांची सरकी काढायची गिरणी बंद पडली होती, तिच्या लांबलचक छपराखाली ते विमान ठेवलं. लाकूड अर्धं वाळवीनं खाल्लेलं, कापड कुजलेलं. हिंगोलीचा दाऊद मिस्त्री त्या लढाईत बसऱ्याकडे विमानं दुरुस्त करून आलेला होता. त्यानं विमानाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "हड्डी बराबर हाये. कातडी नवी लागंल."

कातडीसाठी मला बोलावलं. मी काय फुगलो होतो म्हणून सांगू! पंचक्रोशीत विमान शिवणारा शिंपी मीच. औंढ्याहून निघताना मी नवा कोट घातला होता. धुऊन आटवलेल्या मांजरपाटाचे तागे आले, मी मोठ्या रुबाबात कात्री चालवली, पंखाच्या मापाच्या खोळी यंत्रावर शिवल्या. पण पुढचं काम यंत्राचं नव्हतं. पंखाच्या आत लाकडाच्या फासळ्या असतात. कापड वरून आणि खालून त्या प्रत्येक फासळीला हातानं शिवावं लागतं, नाही तर वाऱ्यानं ते फुगून सुटतं. मिस्त्रीनं जुनं कुजकं कापड कापून मला आतली शिवण दाखवली. चार चार बोटांवर टाका आणि प्रत्येक टाक्याला एक गाठ.

"हर टाक्याला गाठ पायजे, मियाँ. एक टाका तुटला तर दुसऱ्यानं धरलं पायजे."

मी नाक मुरडलं. आमच्या धंद्यात गाठ म्हणजे अडाणी हाताची खूण. माझ्या बापानं मला लहानपणी गाठ दिसली की पट्टीनं मारलं होतं. आणि खरं सांगायचं तर ती गाठ मला जमतही नव्हती. चार दिवस मी दोरा गुंतवत बसलो. तेव्हा बाहेरच्या अंगणात तुम्ही तांड्यावरच्या बायका रावसाहेबांच्या कापसाच्या गोण्या शिवत होतात. तू पाणी प्यायला आत आलीस, माझ्या हातातलं जुनं कापड बघितलंस, उलटं केलंस आणि हसायलाच लागलीस.

"अगं माय! ही तं आमची गोणीची गाठ हाये."

तुझ्या आज्या-पणज्यांच्या काळी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून तांडे मुलूख फिरायचे. रानातल्या काट्यानं गोणीचा एक टाका तुटला, तरी पुढचा सुटू नये, म्हणून ही गाठ. विलायतेतल्या कारागिरालाही तीच सुचली होती आणि तुझ्या आजीलाही. मिस्त्रीनं तुला सलाम केला. मी केला नाही. मी म्हणालो, "चला, बाईला येतंय तर येऊ द्या, मी देखरेख ठेवतो." देखरेख! आज तो शब्द आठवला की कानशिलं तापतात.

मग ते तीन महिने. पंख आडव्या कडेवर उभा टेकवलेला, एका बाजूला तू आणि एका बाजूला मी. मध्ये कापड. तू तिकडून दाभण टोचायचीस, ते माझ्याकडे निघायचं, मी दोरा ओढून परत तुझ्याकडे पाठवायचो, तू गाठ मारायचीस. दोघांना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. फक्त दाभणाचं टोक आणि तुझ्या हातातल्या बांगड्यांचा आवाज. दोऱ्याला मेण लावायची तुझी पद्धत होती, त्याचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी जरा घाई केली, दाभण बोटभर पुढं टोचलं, की तिकडून लगेच आवाज यायचा.

"शिंपीदादा, टाका लांब झाला. उसवा."

"तुला तिकडून काय कळतंय?"

"वढ कळती. उसवा."

मी चिडायचो आणि उसवायचो. माझ्या आयुष्यात बापानंतर मला उसवायला लावणारी तूच.

त्या कापडाआडून मी तुझ्याशी जे बोललो ते कुणाशीच बोललो नव्हतो. माझी बायको वारून तेव्हा वर्ष झालं होतं. सोयऱ्याधायऱ्यांसमोर मी डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं. तुला सांगितलं, की तिच्या आजारपणात मी लग्नसराईचे कपडे शिवत बसलो आणि वैद्याला बोलवायला उशीर केला. दाभण तिकडंच थांबलं. मग हळूच माझ्या बाजूला आलं आणि तू म्हणालीस, "वढा दादा." एवढंच. त्या दिवशी घरी जाताना मला बरं वाटलं होतं. तुझे हे उपकार मी कसे फेडले, ते आता लिहायचं आहे, आणि पेन जड झालं आहे.

गाठीवरून आपला रोज तंटाबखेडा चालायचा. मी म्हणायचो, शिवण अशी पाहिजे की दिसता कामा नये. तू म्हणायचीस, "दिसली तं काय झालं? गोणी काय नवरी हाये व्हय?" मी म्हणायचो, ही गोणी नाही, विमान आहे. तू म्हणायचीस, "मंग तं लईच पक्की पायजे. गोणी फाटली तं मीठ सांडतं. हितं मानूस हाये." तरी मी हार मानली नाही. तो वाद आपण तिथंच सोडून दिला. तो पुढं मी एकट्यानं मिटवला, आणि किती वाईट रीतीनं मिटवला.

दसऱ्यानंतर हिंगोलीहून रावसाहेबांचे पाहुणे विमान बघायला आले. प्रत्येक शिवणीवर पट्टी चिकटवून वर उग्र वासाचं रोगण द्यायचं होतं, म्हणजे कापड ताणून टणक होणार होतं. तीन पंखांवर ते झालं होतं. डावा खालचा पंख तेवढा उघडा होता. एका पाहुण्यानं त्यावरून हात फिरवला, गाठी हाताला लागल्या, आणि तो म्हणाला, "काय शिंपीबुवा, पोतं शिवलंत की काय?" सगळे हसले. रावसाहेबही हसले आणि म्हणाले, "अहो, खरा हात त्या लमाणणीचा आहे. हे नुसते सुई परत देतात." तू कोपऱ्यात उभी होतीस. तू हसली नाहीस. तरी मला वाटलं की हसलीस.

दिवाळीला तू तांड्यावर गेलीस. तुझ्या पोरीची, जमनीची, लग्नाआधीची ती शेवटची दिवाळी होती. तांड्यातल्या कुवार पोरी दिव्याचं ताट घेऊन नायकाच्या दारापासून घरोघर जातात, ते बघायचं होतं तुला. मिस्त्री रोगण संपलं म्हणून हैदराबादेला गेला होता. छपरात मी एकटाच. विमानात चढायचं ते त्याच डाव्या खालच्या पंखावर पाय ठेवून, म्हणजे येणारा-जाणारा आधी तोच बघणार. मी कात्री घेतली आणि चार फासळ्यांवरच्या तुझ्या गाठी कापून काढल्या.

सोमलीबाई, हे तुला ठाऊक होतं. पण माझ्या तोंडून तू ऐकलं नाहीस, म्हणून सगळं सांगतो. पलीकडे दाभण घ्यायला कुणी नव्हतं. मी एका बाजूनं टोचायचो, पंखाला वळसा घालून पलीकडे जायचो, ओढायचो, परत टोचायचो, परत वळसा. एका टाक्याला एक फेरी. दुपारपर्यंत पाय भरून आले. मग फेऱ्या कमी व्हाव्यात म्हणून मी टाके लांब केले. चार बोटांचे वीतभर झाले. गाठ एकही नाही, सरळ धावदोरा, दिसायला देखणा. दोन दिवस मी त्या पंखाभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरलो, आणि एकदाही मला वाटलं नाही की थांबावं. उलट काम संपल्यावर मी त्यावरून हात फिरवला आणि खूश झालो. उरल्यासुरल्या रोगणानं वर पट्ट्या चिकटवून टाकल्या. तू परत आलीस तेव्हा तुला फक्त गुळगुळीत पट्ट्या दिसल्या. "लवकर चिकटवल्या," एवढंच तू म्हणालीस.

मार्गशीर्षात हैदराबादेहून उडवणारा साहेब आला. माळावर जत्रा भरली. इंजिन सुरू झालं तेव्हा म्हाताऱ्यांनी हात जोडले. विमान धावलं, उचललं, दोन पुरुष उंच गेलं, आणि मी ओरडलो, "माझं विमान!" तू माझ्या शेजारीच होतीस. मग डाव्या पंखावर कापड फुगलं. एक टाका सुटला आणि फासळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवण उसवत गेली, मग शेजारची, मग तिच्या शेजारची. विमान डावीकडे कललं आणि हरभऱ्याच्या शेतात नाक घालून पडलं.

साहेबाचा हात मोडला, जीव वाचला. मिस्त्री त्याला घेऊन मोटारीनं हिंगोलीला गेला. सगळे लोक साहेबाकडे धावले होते, तेव्हा तू एकटी पंखाकडे गेलीस. मी लांबून बघत होतो. तू वाकलीस, फाटलेलं कापड उलटं केलंस. कमरेचा विळा काढलास आणि हातभर पट्टी कापून ओढणीखाली घेतलीस. नेमकं तेव्हाच रावसाहेब आले.

"डावा पंख कुणी शिवला?"

कुणी तरी तुझ्याकडे बोट दाखवलं. रावसाहेबांचा आवाज चढला, "लमाणणीच्या हाती पंख दिला, हीच माझी चूक! आणि वरून कापड चोरतेस?" तू पट्टी ओढणीखाली तशीच घट्ट धरलीस. तू माझ्याकडे बघितलंस. फार नाही, एक टाका घालायला लागतो तेवढाच वेळ. मी माझ्या बोटातलं शिवणाचं अंगुस्तान फिरवत होतो. ते फिरवत राहिलो.

रावसाहेबांनी रागाच्या भरात त्याच दिवशी पंख मोडून पेटवून दिले. दोन दिवसांनी मिस्त्री परत आला आणि त्यानं मला बाजूला घेतलं. "मियाँ, गाठी होत्या ना?" तो विचारत होता तेव्हाही मला वाट मोकळी होती. मी म्हणालो, "होत्या." तो मान हलवत म्हणाला, "मंग बाईच्या गाठीच कच्च्या निघाल्या." मी त्यालाही 'बरं' म्हणालो.

त्यानंतर रावसाहेबांनी तांड्यावरच्या एकाही बाईला गोण्यांच्या कामावर घेतलं नाही. तुझं नाव 'कापडचोर सोमली' पडलं, आणि लग्न होऊन गेलेल्या जमनीच्या सासरपर्यंत ते पोचलं, असं मी ऐकलं. ऐकून मी दुकानात कोट शिवत बसलो. अकरा वर्षं तू बाजाराला यायचीस आणि माझ्या दुकानासमोरून जायचीस. मी दर वेळी खाली मान घालून दोरा ओवायचो. ओवलेल्या सुईत पुन्हा दोरा ओवायचो.

गेल्या भादव्यात पोलीस ॲक्शनच्या वेळी आकाशातून फौजेची विमानं गेली, तो बाजाराचा दिवस होता. लोक निंबाखाली, ओसरीखाली लपले. तू मात्र रस्त्याच्या मधोमध उभी राहून, डोळ्यांवर हात धरून वर बघत होतीस. विमानं गेली. तू मान खाली केलीस आणि सरळ माझ्या दुकानाकडे बघितलंस. मला वाटलं, आता उठावं. रस्ता तो केवढा, दहा पावलांचा. मी उठलो नाही. तुला शेवटचं बघितलं ते तेव्हा.

तुझं दिवसकार्य झाल्यावर मी तांड्यावर गेलो. औंढ्यापासून जेमतेम दोन कोस. तुझा नवरा थावरू बाजेवर बसला होता. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं, कात्रीपासून 'होत्या'पर्यंत. मग तो उठून आत गेला आणि फडक्यात गुंडाळलेली ती हातभर पट्टी घेऊन आला. रोगण पिवळं पडलं होतं. शिवणीचा जेवढा तुकडा टिकला होता, त्यात माझा धावदोरा तसाच होता.

"मला ठाऊक हाये," थावरू म्हणाला. "त्याच दिशी सांगितलं तिनं. म्या म्हणलं, जाऊन दाखव रावसाहेबाला. तं म्हणली, न्हाई. शिंपीदादा चांगला मानूस हाये, सवताच सांगतील. आपुन वाट पाहू."

मी रडलो, सोमलीबाई. थावरूनं मला रडू दिलं, पाणीही विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

"तुमी काहून आले न्हाई?" त्यानं विचारलं. मग पट्टी माझ्या हाती देत तो म्हणाला, "आता आले तं अर्धं नका करू. रावसाहेबाला सांगा. मंग जमनीला सांगा. तिला आमी कधी बोललो न्हाई. तिला आईचं खरं कळाया पायजे, पण ते तुमच्या तोंडून."

रावसाहेबांकडे दुसऱ्याच दिवशी गेलो. ते आता थकलेत, कानानंही कमी ऐकतात. अंगणात गडी होते, गावातले दोघं-चौघं होते, म्हणून मी मोठ्यानं सांगितलं. पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटानं चाचपली आणि म्हणाले, "सोमली? ती कापड चोरणारी?" मी परत पहिल्यापासून सांगितलं. शेवटी ते पट्टी परत देत म्हणाले, "अरे, ती तर गेली. आता कशाला?" त्यांनी रागावायला हवं होतं, मला हाकलायला हवं होतं. तुझं सगळं आयुष्य ज्या शब्दाखाली गेलं, तो त्यांना धड आठवतही नव्हता. ज्या माणसाच्या भीतीनं मी अकरा वर्षं गप्प बसलो, त्यालाही आता मी कोण ते नीट आठवत नसावं.

काल परत तांड्यावर गेलो. जमनी सासरहून आली होती. तुझ्यासारखीच बसते, एक पाय दुमडून. मांडीवर पोतं होतं, हातात दाभण. चार बायका भोवती होत्या, थावरू बाजेवर होता. मी पट्टी तिच्यापुढे धरली. मला वाक्य जुळवायचं होतं, रस्ताभर जुळवत आलो होतो, पण ऐन वेळी त्यातलं एकही आठवेना.

तिनं पट्टी घेतली. कुणाची, कशाची, काही विचारलं नाही. उलटी केली, शिवणीवरून अंगठा फिरवला, दोरा जरा ओढून बघितला.

"ही आईच्या हातची न्हाई," ती म्हणाली. "टाके लांब हायेत. कुनाचे हायेत?"

"माझे," मी म्हणालो.